आधी जागा, मग बॉक्स, शेवटी वूफर

गाडीत सबवूफर बसवायचं ठरलं की आपल्याकडे खरेदी एका ठरावीक क्रमाने होते. आधी वूफर पसंत पडतो: किती इंची, किती वॅटचा, कुठल्या कंपनीचा. मग त्याला झेपेल असा ॲम्प्लिफायर, मग वायरिंगचा किट. बिल होत आलं की दुकानदार विचारतो, "बॉक्स आपला तयारच देऊ ना?" गिऱ्हाईक मान डोलावतं. माळ्यावरून कार्पेट चिकटवलेला काळा बॉक्स खाली येतो, वूफर भोकात बसतो एवढं पाहिलं जातं आणि स्क्रू पिळले की काम झालं. पुढे महिन्याभरात तक्रार सुरू होते. बेस नुसता घुमतो, गाण्यातला ठोका कळत नाही, नंबर प्लेट खडखडते. मग कोणी वूफर बदलतो, कोणी ॲम्प्लिफायर मोठा घेतो. बॉक्सकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

हे पुस्तक तो क्रम उलटा करायला सांगतं. आधी गाडीत जागा किती आणि आपण ऐकतो काय, ते पाहावं. त्यावरून बॉक्सचा प्रकार आणि त्याचे लिटर ठरवावेत. वूफर त्यानंतर, त्या बॉक्सला साजेल असा शोधावा. हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण पैसे मोजले जातात ते वूफरसाठी आणि बॉक्स दिसतो लाकडाचा खोका. पण खालच्या स्वरांत कोनाइतकंच काम बॉक्समधली हवा करते. एकच वूफर दोन वेगळ्या बॉक्समध्ये घातला तर दोन वेगळे वूफर वाजत आहेत असं वाटावं, इतका फरक पडतो.

मुळात बॉक्स लागतो कशाला, इथून सुरुवात करू. वूफरचा कोन पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. एका कोनातून अशा दोन लहरी निघतात, एकमेकींच्या नेमक्या उलट. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर भरते. एवढ्या लांब लहरीला १२ इंची वूफरची कड ओलांडून पलीकडे वळायला काहीच अडचण नसते. पुढची आणि मागची लहर एकत्र येतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून उघडा वूफर वाजवला की कोन हलताना डोळ्यांना दिसतो, पण बेस कानावर येत नाही. या दोन लहरींची गाठ पडू न देणं हे बॉक्सचं पहिलं काम. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. आत कोंडलेली हवा कोनाला मागून रेटते, त्याला आवरते, आणि किती खोलवरचा स्वर किती जोरात निघेल ते ठरवते. बाजारात बॉक्सचे जेवढे प्रकार मिळतात, ते सगळे या कोंडलेल्या हवेकडून कसं काम करून घ्यायचं, याचीच वेगवेगळी उत्तरं आहेत.

कुठलंही उत्तर घेतलं तरी एका नियमातून सुटका नाही. विसाव्या शतकातले विख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे चिरंजीव जे. अँटन हॉफमन हे ध्वनियंत्रांच्या धंद्यात होते. १९५७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'केएलएच' या कंपनीच्या नावातला 'एच' त्यांचाच. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा 'पोलादी नियम' असा: बॉक्स लहान हवा, स्वर खोल हवा आणि कमी वॅटमध्ये आवाज मोठा हवा, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. यामागचं गणित कडक आहे. तेवढ्याच वॅटमध्ये तेवढाच आवाज ठेवून एक सप्तक खाली उतरायचं असेल, तर बॉक्स आठपट मोठा करावा लागतो. समजा, ३० लिटरच्या बॉक्समधून ६० हर्ट्झपर्यंतचा बेस समाधानकारक येतो. तसाच, तेवढ्याच वॅटमध्ये, ३० हर्ट्झपर्यंत हवा असेल तर बॉक्स लागेल २४० लिटरचा. २०१८ च्या स्विफ्टची अख्खी डिकी २६८ लिटरची आहे! लहान बॉक्समधूनही ३० हर्ट्झ काढता येतात, पण त्याची भरपाई मोठ्या ॲम्प्लिफायरने आणि लांब मागेपुढे सरकणाऱ्या कोनाने करावी लागते. 'एवढासा बॉक्स, पण बेस मोठ्या बॉक्ससारखा' अशी जाहिरात दिसली, की ती भरपाई कुठून केली आहे ते विचारावं.

हे शास्त्र मोटारींच्या डिकीत जन्मलेलं नाही. बॉक्सला भोक पाडून मागची लहर वाया न घालवता कामाला लावायची कल्पना बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास यांची. १९३२ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. तेव्हापासून कित्येक वर्षं चांगला बेस म्हणजे कपाटाएवढा बॉक्स असंच समीकरण होतं. १९५४ साली एडगर विल्चर यांनी आपले विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्याबरोबर 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली आणि 'एआर-१' हा स्पीकर आणला. वूफरच्या कोनाला धरून ठेवणारी कडा त्यांनी मुद्दाम सैल ठेवली आणि कोनाला आवरण्याचं काम हवाबंद पेटीतल्या हवेवर सोपवलं. पुस्तकांच्या फडताळात मावणाऱ्या पेटीतून त्या काळी अशक्य वाटणारा बेस निघाला. आज आपल्या गाडीत जो 'सील्ड' बॉक्स बसतो, तो याच घराण्यातला.

तरीही बॉक्सचं माप ठरवणं बराच काळ अंदाजावर चाललं होतं. सुतारकाम करा, ऐका, भोक लहानमोठं करा, पुन्हा ऐका. ते बदललं ऑस्ट्रेलियात. १९६१ साली नेव्हिल थील यांनी भोक असलेल्या बॉक्सचं गणित एका लेखात मांडलं. तिथल्या अभियंत्यांच्या नियतकालिकात तो दहा वर्षं जवळजवळ पडून राहिला. १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा छापला गेला आणि जगाचं लक्ष गेलं. पुढच्या दोन वर्षांत सिडनी विद्यापीठात काम केलेल्या रिचर्ड स्मॉल यांनी बंद आणि भोकाच्या अशा दोन्ही बॉक्सचा सविस्तर हिशोब पुरा केला. वूफरबरोबर येणाऱ्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस अशी जी अक्षरं आणि आकडे असतात, ते 'थील-स्मॉल पॅरामीटर' याच दोघांच्या नावाचे. आपल्याकडे हा कागद बहुधा खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. खरं तर अख्ख्या खोक्यात बॉक्स बनवणाऱ्याच्या कामाचा कागद तेवढाच असतो.

त्यातले तीन आकडे पुरेसे आहेत. एफएस म्हणजे वूफर मोकळा असताना ज्या स्वराला आपसूक झुलतो तो स्वर. क्यूटीएस म्हणजे ते झुलणं किती लवकर आवरतं याचं माप. जितकं कमी, तितकी पकड घट्ट. आणि व्हीएएस म्हणजे वूफरच्या कडेत जेवढा ताण आहे तेवढाच ताण किती लिटर हवेत असतो ते. एक उदाहरण घेऊ. वूफरचा एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ५० लिटर आहे. तो ५० लिटरच्या हवाबंद बॉक्समध्ये घातला, तर बॉक्ससकट त्याचा एकूण क्यू होतो ०.७ आणि झुलण्याचा स्वर ४० हर्ट्झ. हा सर्वांत सपाट, कुठलाही स्वर पुढे न काढणारा आवाज. तोच २५ लिटरमध्ये कोंबला तर क्यू ०.८७ आणि स्वर ४८ हर्ट्झ. थोडी ऊब वाढते, ठोका जरा भरदार लागतो. गाडीत अनेकांना हेच आवडतं. साडेबारा लिटरमध्ये घातला तर क्यू १.१ च्या वर आणि स्वर ६३ च्या आसपास. आता खालचं सगळं गेलं आणि साठ-सत्तर हर्ट्झवर एक उंचवटा राहिला. कुठलंही गाणं लावा, एकाच स्वरात 'धूम धूम' होत राहतं. दुकानातला तयार बॉक्स 'बसतो' म्हणून घेतल्यावर जी तक्रार होते, ती बहुतेक वेळा ही असते. वूफर बिचारा निर्दोष असतो.

हवाबंद बॉक्सचा मोठा गुण म्हणजे तो माफ करतो. माप लिटरभर इकडेतिकडे झालं तरी फारसं बिघडत नाही. खाली खाली जाताना त्याचा आवाज सप्तकामागे १२ डेसिबलने, म्हणजे सावकाश उतरतो, आणि कोनावर हवेचा लगाम कायम राहतो. ढोलकीची थाप, तबल्याच्या बायाची मींड, बेस गिटारचा सुटा स्वर यांना सुरुवात आणि शेवट असतो. तो शेवट हवाबंद बॉक्समध्ये नीट कळतो. आत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला की बॉक्स प्रत्यक्षापेक्षा थोडा मोठा असल्यासारखा वागतो, ही आणखी एक सोय.

आणि गाडीत त्याला एक मदत फुकट मिळते, जी घरातल्या खोलीत सहसा इतकी मिळत नाही. गाडीच्या आतली लांबी अडीच मीटर धरली, तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली अर्धी लहरसुद्धा आत मावत नाही. तिथून खाली आवाज लहरीसारखा फिरत नाही. कोनाच्या प्रत्येक हालचालीबरोबर आतल्या हवेचा दाब एकदम वरखाली होतो. त्यामुळे स्वर जसजसा खाली जातो तसतसा तो वाढत जातो. काटेकोर हवाबंद डब्यात ही वाढ सप्तकामागे १२ डेसिबल असती. दारांच्या फटी, पातळ पत्रा, लवचिक छप्पर यांमुळे प्रत्यक्षात ती कमी मिळते. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा: बॉक्स सप्तकामागे १२ डेसिबल उतरतो आणि गाडी जवळपास तिथूनच चढायला लागते. म्हणून दुकानाच्या फळीवर किरटा वाटणारा हवाबंद बॉक्स गाडीत खोल वाजतो. काच उघडली की बेस एकदम बदलतो, तेही यामुळेच. फळीवर ऐकून बॉक्स निवडू नये, हा या पुस्तकातला कदाचित सर्वांत स्वस्तात पाळता येणारा सल्ला आहे.

मग 'पोर्टेड' बॉक्स कोणासाठी? ज्याला तेवढ्याच ॲम्प्लिफायरमध्ये जास्त आवाज हवा आहे आणि जागा द्यायची तयारी आहे, त्याच्यासाठी. भोकाच्या नळीतली हवा आणि बॉक्समधली हवा मिळून एका ठरावीक स्वराला झुलतात. त्या स्वराजवळ कोन जवळजवळ स्थिर असतो आणि बेस नळीतून येतो. तीन डेसिबलचा जरी फायदा झाला, तरी तो ॲम्प्लिफायरचे वॅट दुप्पट केल्यासारखा आहे. मोठ्या आवाजाची, इलेक्ट्रॉनिक ठेक्याची, लांबलचक बेसची गाणी ऐकणाऱ्यांना हा बॉक्स आवडतो. गाडीत बहुतेक वेळा ३२ ते ३८ हर्ट्झच्या दरम्यान तो सुरात लावतात.

पण इथे चुकीला माफी नाही. ५० लिटरचा बॉक्स ३५ हर्ट्झला लावायचा आहे असं समजा. नळी १० सेंटिमीटर व्यासाची घेतली तर ती सुमारे ३१ सेंटिमीटर लांब ठेवावी लागते. हे सहज जमतं, पण १२ इंची वूफर जोरात वाजला की एवढ्या अरुंद नळीतून हवा फुसफुसते आणि ती फुसफूस गाण्यात मिसळते. मग नळी रुंद करू, १५ सेंटिमीटर. आता तिची लांबी लागते सुमारे ७५ सेंटिमीटर! ती बॉक्समध्ये सरळ मावत नाही, वळवावी लागते, आणि तिनेच आतले तेराएक लिटर खाल्ले. म्हणजे बॉक्स बाहेरून तेवढा मोठा करणं आलं. हा हिशोब टाळण्यासाठी कोणी 'दिसायला बरं' म्हणून भोक पाडतो, तेव्हा तो बॉक्स कुठल्यातरी स्वराला लागतोच, फक्त कुठल्या ते कोणाला माहीत नसतं. शिवाय लावलेल्या स्वराच्या खाली वूफरच्या मागचा हवेचा लगाम सुटतो. आवाज सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो आणि कोन मात्र वेड्यासारखा मागेपुढे धावतो. कॉइल तळाला आपटून वूफर निकामी होण्याचं हे नेहमीचं कारण. पोर्टेड बॉक्स घेतला तर त्या स्वराच्या खालचं अडवणारा, ॲम्प्लिफायरवरचा सबसॉनिक फिल्टर चालू करणं ऐच्छिक राहत नाही.

बाकीचे प्रकार पुस्तकात आहेत, इथे ओळख पुरे. 'बँडपास' बॉक्समध्ये वूफर आतच दडलेला असतो. मागचा कप्पा बंद आणि पुढच्या कप्प्याला नळी. एका अरुंद पट्ट्यात तो दणकून वाजतो, पण बनवायला अवघड, आणि कोनाची कुरकुर बाहेर ऐकू येत नसल्यामुळे वूफर मरायला टेकला तरी मालकाला पत्ता लागत नाही. 'फ्री एअर' पद्धतीत बॉक्सच नसतो, अख्खी डिकी बॉक्सचं काम करते. जुन्या गाड्यांत मागच्या काचेखालच्या फळीत सहा-बाय-नऊचे लंबगोल स्पीकर बसवत, तो याचाच धाकटा अवतार. सेडानमध्ये हे जमतं. डिकी आणि प्रवासी एकाच हवेत असलेल्या हॅचबॅकमध्ये पुढची-मागची लहर पुन्हा भेटते आणि सगळं मुसळ केरात. 'पॅसिव्ह रेडिएटर'मध्ये नळीच्या जागी बिनकॉइलचा एक कोन असतो. लहान बॉक्स खोल सुरात लावायला तो उपयोगी. आपल्याकडे लोकप्रिय असलेली 'बेस ट्यूब' बहुधा पोर्टेड बॉक्सच असते, फक्त गोल. आणि सीटखाली सरकवायचा, ॲम्प्लिफायर आतच असलेला चपटा सबवूफर हा पोलादी नियमाशी केलेला तह आहे: खोली सोडली, आवाज सोडला, जागा वाचवली. ज्याला डिकी लागतेच आणि गाणी मध्यम आवाजात ऐकायची आहेत, त्याला हा तह पूर्ण परवडतो. त्याला कमी लेखायचं कारण नाही.

जागेचा प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच तीव्र का आहे, त्यालाही इतिहास आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आत लांबी आणि ठरावीक मर्यादेच्या आत इंजिन असलेल्या मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली. कंपन्यांनी गाड्या त्या मापात बसवायला घेतल्या. २०१२ ची डिझायर ३९९५ मिलिमीटरवर आली, आणि ती कपात मुख्यतः डिकीतून झाली. अमेरिकन मासिकांतले बॉक्सचे नकाशे लांबरुंद पिकअप आणि मोठ्या सेडान समोर ठेवून काढलेले असतात. ते इथे उतरवून घेतले की पहिली अडचण डिकीच्या दारातच येते. त्यात सीएनजी. मागे ६० लिटर पाण्याइतक्या क्षमतेची टाकी आडवी बसली की वॅगनआरच्या ३४१ लिटरमधलं उरतं ते कोपऱ्यांत विभागलेलं. अशा गाडीत १२ इंची वूफरचा हट्ट सोडून ८ इंची, हवाबंद, दहा-बारा लिटरचा बॉक्स कडेच्या पोकळीत फायबरमध्ये घडवून घेणं शहाणपणाचं. टाकीला, तिच्या पट्ट्यांना किंवा नळ्यांना स्क्रू-क्लॅम्प काहीही लावायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आणखी एक गोष्ट नकाशात नसते: स्टेपनी. आपल्या बऱ्याच गाड्यांत ती डिकीच्या तळाखाली असते. बॉक्स कायमचा ठोकून बसवला की खंबाटकी घाटात, पावसात, टायर बसल्यावर त्याची किंमत कळते. बॉक्स पट्ट्यांनी किंवा एल-क्लॅम्पने घट्ट बांधलेला असावा, पण दोन मिनिटांत सुटणारा असावा, आणि वायरला मध्ये जोड असावा. बांधणं मात्र टाळू नये. वूफरसह वीस किलोच्या आसपास गेलेला मोकळा बॉक्स जोराच्या ब्रेकला मागच्या सीटवर काय करेल, याची कल्पना करवत नाही.

आता लाकडाकडे वळू. मिरजेचा कारागीर तंबोरा घडवतो तेव्हा भोपळ्याने आणि तबलीने तारेबरोबर बोलावं, यासाठी त्याचा सगळा खटाटोप असतो. सबवूफरच्या बॉक्सला हेच वर्ज्य. त्याच्या भिंती स्वतःहून बोलू लागल्या की गाण्यात नसलेला स्वर गाण्यात घुसतो. म्हणून १८ मिलिमीटरचं एमडीएफ किंवा चांगला प्लाय, आतून आडव्या पट्ट्यांचा आधार, प्रत्येक सांध्याला भरपूर गोंद, आणि आतल्या कडांना सिलिकॉन. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहावं. 'ठप्प' असा मेलेला आवाज आला पाहिजे, 'ठण' असा नाही. वूफर बसवल्यावर खालचा एखादा स्वर हळू वाजवून सांध्यांवरून ओला हात फिरवावा. कुठे गार फुंकर लागली तर तिथे गळती आहे. एमडीएफ सारख्या घनतेचं आणि कापायला सोपं असतं, पण पाण्याशी त्याचं वैर आहे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात डिकीच्या रबरातून झिरपलेलं पाणी तळाशी साचलं की त्याच्या कडा पावासारख्या फुगतात. तिथे वॉटरप्रूफ प्लायचे जादा पैसे वसूल होतात.

मापातली एक गफलत इतकी सर्रास होते की ती इथेच सोडवून दाखवतो. बाहेरून ४५ बाय ३६ बाय ३२ सेंटिमीटरचा बॉक्स घ्या. गुणाकार केला तर जवळपास ५२ लिटर. दुकानात तो '५० लिटरचा बॉक्स' म्हणून विकला जातो. आता प्रत्येक बाजूने १८ मिलिमीटर लाकूड वजा करा: आतलं माप ४१.४ बाय ३२.४ बाय २८.४, म्हणजे ३८ लिटर. वूफरच्या लोहचुंबकाने आणि सांगाड्याने दोन-तीन लिटर घेतले, आधाराच्या पट्ट्यांनी लिटरभर. हाती राहिले ३४-३५. वूफरच्या कागदावर जे लिटर लिहिलेले असतात ते हे शेवटचे, निव्वळ. ५० लिटरचा पोर्टेड बॉक्स हवा असलेल्या माणसाला हा बॉक्स दिला, तर भोकाची ती १५ सेंटिमीटरची नळी घातल्यावर त्याच्या हाती निम्मासुद्धा धड राहणार नाही.

बेस हा कानाइतकाच शेजाऱ्यांचाही विषय आहे. लांब लहरी पत्र्यातून आणि भिंतींतून आरपार जातात, त्यामुळे सोसायटीच्या फाटकातून गाडी आत येते तेव्हा तिसऱ्या मजल्यावर गाणं कळत नाही, ठोका मात्र कळतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. हे पुस्तक आवाज वाढवण्याच्या स्पर्धांसाठी लिहिलेलं नाही. नीट जुळलेल्या बॉक्सचा खरा फायदा कमी आवाजात कळतो: गाणं हळू लावलं तरी खर्ज जागेवर असतो, म्हणून आवाज वाढवायचा मोह होत नाही.

पुस्तकाची मांडणी या सगळ्याला धरून आहे. पहिल्या भागात डिकी मोजायची रीत आहे: दाराचं तोंड, चाकांचे उंचवटे, स्टेपनी, सीट दुमडण्याची जागा. दुसऱ्यात ऐकण्याच्या सवयीवरून बंद की भोकाचा, हा निर्णय. तिसऱ्यात कागदावरच्या आकड्यांवरून लिटर काढण्याची गणितं, साध्या कॅल्क्युलेटरवर जमतील अशी. चौथ्यात सुतारकाम आणि पाचव्यात बॉक्स गाडीत ठेवून त्याचं तोंड कुठे करायचं, क्रॉसओव्हर कुठे लावायचा, फ्यूज बॅटरीजवळच का हवा, या गोष्टी. वूफर निवडण्याचं प्रकरण सर्वांत शेवटी आहे, आणि ते सर्वांत छोटं आहे. तिथपर्यंत पोचलेल्या वाचकाला दुकानातल्या पन्नास वूफरपैकी आपल्या कामाचे दोन-तीनच आहेत, हे आपोआप दिसेल.

ज्यांना स्वतः करवत हातात धरायची नाही, त्यांनीही हे वाचावं. त्यांच्यासाठी फिटरला विचारायचे तीन प्रश्न पुरेसे आहेत. या बॉक्सचे आतले निव्वळ लिटर किती? हा किती हर्ट्झला लावला आहे, किंवा बंद असेल तर एकूण क्यू किती येतो? आणि माझ्या गाडीसाठी, माझ्या गाण्यांसाठी, हाच प्रकार का? महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दुकानांत ही उत्तरं तोंडपाठ असणारे जाणते फिटर आहेत. त्यांना असं विचारणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, एवढंच. तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाली तर निर्धास्त पैसे द्या. "साहेब, टेन्शन घेऊ नका, जबरदस्त वाजतो," असं उत्तर आलं, तर डिकी बंद करून पुढच्या दुकानात चला.